शाळा सोडल्याचे कारण

आण्णांची जन्मतारीख एक जून.
त्यांच्या वर्गातल्या सगळ्यांचीच एक जून.
आजी सांगायची, हा झाला तेव्हा जोंधळा हुरड्यावर होता,
म्हणजे ऐन थंडीतला.
पण रजिस्टरला थंडी कळत नाही.

विट्याच्या पुढं, घाटमाथ्यावर,
जिथं विहिरी खोल आणि घरटी एक पोरगा परमुलखात,
तिथं हसबे गुरुजींनी अडतीस वर्षं दाखले लिहिले.
शाळा सोडल्याचे कारण: गलाई.
पाचवीतून, सातवीतून, कधी जोडाक्षरं अर्धी टाकून
पोरं निघायची सोनं गाळायला,
त्रिचूर, गुवाहाटी, कुठलंसं जोरहाट.
आण्णा दाखल्यासोबत वीस पोस्टकार्डं द्यायचे,
पत्ता आधीच घातलेली.
"सोनं नंतर ओळख. आधी आईला पत्र."

आणि आईला तर वाचता यायचं नाही,
म्हणून दिवेलागणीला आमच्या ओट्यावर बायका.
आण्णा वाचायचे.
काही ओळी गाळून वाचायचे.
मी पाठीमागून बघितलेल्या असायच्या त्या:
हात भाजला. शेठ मारतो.
"बरा हाय म्हणतोय," आण्णा सांगायचे,
आणि रात्री कंदिलापाशी बसून
शेठला वेगळं पत्र लिहायचे, तपासायच्या लाल शाईनं.

बहात्तरला शाळेत पोरंच उरली नाहीत,
सगळी खडीवर.
मग शाळा खडीवर गेली.
फळा गाडीच्या जुवाला टांगलेला,
तेराचा पाढा हातोड्याच्या ठोक्यावर.
मस्टरवरचे अंगठे बघून त्यांचं डोकं फिरायचं.
सुकडी वाटून झाली की बायकांना बसवायचे
सपाट दगड पुढ्यात घेऊन.
गोदाक्का मुळीकला सही शिकायला सोळा दिवस लागले.
सतराव्या दिवशी तिनं मुकादमाला थांबवलं,
मागची अख्खी रांग उन्हात थांबवली,
'क्का' नीट येईपर्यंत.

घरात खाणारी नऊ तोंडं.
दोन आत्या, एकीची तीन पोरं,
आणि आत्यांची लग्नं झाली तेव्हा विकलेलं
आईचं होतं नव्हतं ते.
एका दिवाळीला बबन शिरतोडे त्रिचूरहून आला,
आईपुढं कागदाची पुडी ठेवून वाकला.
चार मणी, सोन्याचे.
आण्णांनी सोनाराकडं जाऊन वजन केलं
आणि अकरा महिने बबनला मनीऑर्डर धाडली.
आई आठवडाभर बोलली नाही. मग बोलली:
"पोरानं मायेनं दिलं, त्याचा हिशोब करताय?"
"मायेचा न्हाई करत. सोन्याचा करतोय."
ते मणी आता माझ्याकडं आहेत.
त्यातला एक जरा चपटा आहे.

मी त्यांच्याच वर्गात होते चौथीपर्यंत.
मला त्यांनी एकदाही पहिला नंबर दिला नाही.
एकदा तरी तो माझा होता.
हे त्यांना मी नव्वदाव्या वर्षी विचारलं,
तर म्हणाले, "व्हय, होता."
आणि चहात बिस्कीट बुडवलं.

शेवटी ऐकू कमी यायचं,
पण फोनवर जोरहाट बरोबर ऐकू यायचं.
"सुट्टी कधी रे?" इतकंच विचारायचे
पासष्टीच्या माणसाला.

गेल्या पौषात गेले.
कुठल्याशा कागदासाठी त्यांचाच दाखला लागला,
म्हणून शाळेत गेले.
मुलाणी बाई, मुख्याध्यापिका, वय असेल तिशीच्या आत,
वाळवी झटकत जुनं रजिस्टर उघडून बसल्या.
हसबे ज्ञानू विठू. वागणूक बरी.
शाळा सोडल्याचे कारण,
रकाना कोरा.
"काय लिहू, ताई?"
त्यांनी पेनाचं टोपण काढलेलं.
मला काही सुचेना.
राहू दे म्हटलं.

बाहेर पत्र्याखाली पोरं खिचडीला बसली होती.
एकीनं विचारलं, "तुम्ही कुणाच्या?"
मी नाव सांगितलं.
तिला माहीत नव्हतं.
तिनं ताटली उचलली
आणि सरकून मला जागा केली.